छातीबंदाचं दप्तर

शांता,

पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक तुझ्याविषयी जे बोलले ते ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. एक जण म्हणाला, शांताबाई म्हणजे गरीब गाय. दुसरा म्हणाला, त्यांनी कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे नेमकं कुणाविषयी बोलतायत? माझ्या धाकट्या जावेविषयी तर नक्कीच नाही. माझी जाऊ हट्टी होती. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की सासू, नवरा, चेअरमन, कुणाला म्हणून ऐकायची नाही. माझ्याशी तर ती उभा जन्म भांडली, आणि आता ते भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेली.

मलाही बोलायला सांगितलं होतं. बाई शाळेत शिकवतात, चार शब्द नीट बोलतील, असं लोकांना वाटलं. मी उठले, सगळ्यांना जयभीम केला आणि खाली बसले. भाऊजी माझ्याकडं बघत राहिले. पण तुझ्याविषयी लोकांशी काय बोलू? जे आहे ते तुझ्याशीच बोलायचं राहिलंय. म्हणून लिहायला बसले आहे. मधे तोंड घालू नकोस.

तू लग्न होऊन आलीस ते बहात्तरच्या दुष्काळात. हळदीचा रंग गेला नव्हता तोच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागलीस. मी गावच्या शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायची. माझी कमल त्याच वर्गात होती. शाळा चालू होती म्हणायचं इतकंच. पोरं यायची ती एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात भांडं घेऊन. कुणाचा तांब्या, कुणाची कळशी, कुणाचा तेलाचा रिकामा डबा. शाळा सुटली की तशीच नदीकडं पळायची. आपल्या वस्तीतल्या माणसांनी नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणला होता, माणूसभर खोल आणि अरुंद. तळाशी पाणी पाझरायचं. गावातल्या विहिरी आटल्या तशी वरच्या आळीची माणसंही आपल्या झिऱ्यावर यायला लागली. कुणी कुणाच्या पाण्याला शिवायचं नाही, हे त्या उन्हाळ्यात कुणी बोलून दाखवलं नाही. सगळ्यांनाच तहान लागलेली होती.

पाट्या मात्र फुटायच्या. दोन हात, त्यात एक भांड्याला गुंतलेला. पोर ठेचकाळलं की भांडं सावरायचं आणि पाटी सोडून द्यायचं, कारण पाणी सांडलं तर घरी मार बसायचा. पाटी फुटली की दुसरी मिळायची नाही, आणि पाटी नाही म्हणून पोर घरीच राहायचं. माझ्या वर्गातली पोरं अशी एकेक करून गळत होती. मी घरी येऊन तेच तेच बोलायची. एक दिवस कमलचीही पाटी फुटली. तू कामावरून आली होतीस, हाताला चिंध्या बांधलेल्या, पापण्यांवर धुरळा. माझं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आक्का, रस्त्यावर बायका पोर पाठीला बांधून खडी फोडत्यात. मग पाटी का बांधता येत न्हाय?"

दुसऱ्या दिवशी तू धान्याचं रिकामं पोतं आणलंस. पट्ट्यासाठी काही मिळेना म्हणून आपल्या लग्नातल्या बाजेची नवार उसवलीस. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं, नव्या बाजेची नवार तोडलीस? आता निजायचं कुठं?"

"खाली," तू म्हणालीस. "जिमीन कुणी नेली न्हाय अजून."

दाभणात सुतळी ओवून तू ते शिवलंस. दोन पट्टे, वर एक झाकण, झाकणाला एक बंद. कमलच्या पाठीवर चढवलंस आणि तिचे दोन्ही हात हवेत उचलून मला दाखवलेस. "बगा. दोनी हात मोकळे."

आपलं भांडण तिथं सुरू झालं. मी म्हणाले, "शांता, पोरीचे हात मोकळे ठेवू नकोस. मोकळा हात दिसला की घरचे त्यात दुसरी घागर देतात." तू म्हणालीस, "देऊ द्या. घागर जड झाली तर पोरगी रडंल, पर शाळंत यील. पाटी फुटली तर येणारच न्हाय."

आपण दोघीही खऱ्या ठरलो. तुझं बघून वस्तीतल्या बायकांनी पोत्यांची दप्तरं शिवली, मग वरच्या आळीतल्या बायकांनीही शिवली. गळालेली पोरं वर्गात परत आली. आणि आली ती दोन-दोन भांडी घेऊन. मी रोज दारातून ती रांग बघायची आणि रोज घरी येऊन तुला सुनवायची. तू भाकरी थापत ऐकायचीस. "आली का न्हाय शाळंत?" एवढंच विचारायचीस.

मग ती दुपार आली. वर्गाला कुलूप लावत होते तेवढ्यात नदीकडून बायकांचा कल्ला ऐकू आला. मी पळत सुटले. पोचले तेव्हा कमल वाळूवर पालथी होती आणि वरच्या आळीतल्या अनसूयाबाई तिच्या पाठीवर थापा मारत होत्या. कमलच्या तोंडातून गढूळ पाणी येत होतं. ती झिऱ्याच्या काठावर दोरीला बांधलेला तांब्या आत सोडायला वाकली, तसं पाठीवरचं दप्तर घसरून मानेवर आलं आणि त्या वजनानं ती डोक्यावर आत गेली. अनसूयाबाई मागं रांगेत उभ्या होत्या. मोठ्या घरची बाई, पण त्या उन्हाळ्यात तीही रांगेत होती. तिनं वाळूत पालथं पडून अर्धं अंग आत घातलं, हाताला दप्तराचा पट्टा लागला, आणि त्या पट्ट्याला धरून पोरीला वर ओढलं.

तू कामावरून धावत आलीस. मी ते ओलं दप्तर तुझ्या पायाशी फेकलं. "तुझ्या या दप्तरानं माझी पोर पाडली."

तुझं तोंड पांढरं पडलं होतं. तरी तू अनसूयाबाईंकडं वळून विचारलंस, "काकी, कशाला धरून काढलं तिला?"

"पट्ट्याला."

"मग दप्तरानंच काढली की," तू म्हणालीस.

शांता, त्या क्षणी असं बोलायला तुझी जीभ कशी उचलली हे मला आजही कळलेलं नाही. पोर माझ्या मांडीवर ओकत होती आणि तू वाद जिंकत होतीस. मी तुझ्याशी बोलणं सोडलं. एका घरात, एका चुलीवर. मीठ हवं असलं तरी मी सासूबाईंना सांगायची, त्या तुला सांगायच्या. तूही मागं हटली नाहीस. कामावरून आलीस की ते दप्तर घेऊन अंगणात बसायचीस. त्यात खडी भरायचीस, स्वतःच्या पाठीवर घ्यायचीस आणि खाली वाकायचीस. घसरलं की उसवायचीस. शेजारणी म्हणाल्या, नव्या सुनेला वारं लागलं.

मग एके सकाळी, माझा वर्ग पाढे म्हणत असताना, तू दारात उभी राहिलीस. खाडा करून आली होतीस. डोक्यावर दप्तरांचा गठ्ठा. मला काही न विचारता आत आलीस आणि पोरांच्या पाठींवर ती चढवायला लागलीस. प्रत्येक दप्तराला आता एक तिसरा पट्टा होता, दोन खांद्यांच्या पट्ट्यांना जोडणारा, छातीवर बांधायचा. सगळ्यांना बांधून झालं तशी तू म्हणालीस, "पोरांनो, आता कोंबडा व्हा."

अख्खा वर्ग पायांखालून हात घालून कान धरून वाकला. पोरं खिदळत होती. तेवढ्यात हेडमास्तर दारात आले आणि गडबडले. "बाई, सगळ्या वर्गाला शिक्षा? झालं काय?"

तुझ्याशी तर मी बोलत नव्हते. पण उत्तर द्यायला हवं होतं. "शिक्षा नाही, सर," मी म्हणाले. "परीक्षा आहे. दप्तराची."

तू माझ्याकडं बघून हसलीस. मीही हसले असेन. एका पोराचं दप्तर थोडं सरकलं, तू तिथंच बसून त्याचा पट्टा वर घेतलास आणि पुन्हा त्याला वाकवलंस. मग हललं नाही. मी ठरवलं होतं, कमलच्या पाठीवर ते पुन्हा चढू द्यायचं नाही. शाळा सुटल्यावर बघते तर तिनं छातीबंद आपला आपण बांधला होता आणि तुझं बोट धरून पुढं निघाली होती.

पाऊसपाणी झाल्यावर बाकीच्या बायका विसरल्या. पोतं म्हणजे दुष्काळातली गोष्ट, आता कशाला? तू मात्र उमरग्याला जायला लागलीस. हमरस्त्यावर ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक म्हातारे चाचा होते, त्यांच्या दुकानापुढं जाऊन बसलीस. ते म्हणाले, "नक्को बेटी, ये मशीन भारी है, तेरे पाँवां दुखते." तू म्हणालीस, "पाय माझे दुखतील, तुमचे न्हाय." तासाभरानं त्यांनी तुला ताडपत्रीचा तुकडा दिला. त्यांच्याकडूनच तू जाड कापड दुमडायला शिकलीस, दोरा मेणातून काढायला शिकलीस, पट्ट्याच्या मुळाशी चौकोनी शिलाई घालून तिच्यात फुली मारायला शिकलीस. ताडपत्रीच्या कातरणीची पहिली दप्तरं तू तिथंच केलीस. पावसात वही भिजायची नाही, हे बघून पोरांच्या आया तुझ्याकडं यायला लागल्या.

मग सहकाराचे दिवस आले. ज्याला त्याला संस्था काढायची होती. दुधाची, साखरेची, सुताची. एक दिवस अनसूयाबाई आपल्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. "शांते, बायकांची शिवणाची सोसायटी काढू. मी चेअरमन व्हते, पुरुष माझ्यापुढं बोलत न्हाईत. तू शिवायचं शिकीव. बाई अर्ज लिवतील." मशिनी ठेवायच्या कुठं, तर म्हणाल्या, "आमचा गोठा मोकळाच हाय. जनावरं दुष्काळात गेली ती पुन्हा भरलीच न्हाईत."

त्या गेल्यावर मी तुला म्हणाले, "जायचं नाही. घरात बोलवत नाहीत आणि गोठ्यात बसवतात. कुणीही हाक मारली की जाणार का आपण?" माझं शिक्षण, माझी नोकरी, बाबासाहेबांचं वाचलेलं, सगळं त्या बोलण्यात होतं. तू सुईत दोरा ओवत होतीस. "मशीन गोठ्यात हाय आक्का, म्हणून म्या गोठ्यात. मशीन माडीवर असती तर माडीवर गेले असते." मी म्हणाले, "हे उत्तर नाही." तू म्हणालीस, "न्हाय. पर काम हाय."

त्या गोठ्यात आपल्या वस्तीतल्या बायका आणि वरच्या आळीतल्या बायका पहिल्यांदा एका छपराखाली बसल्या. सुरुवातीला दोन बाजूंना बसल्या. पण मशिनी मोजक्याच होत्या आणि जिची सुई मोडली तिला दुसरीकडं जावंच लागायचं. कुणी कुणाला मशीन सोडून उठायचं, कुणी पाय मारायचा आणि कुणी कापड धरायचं, यात बाजू राहिल्या नाहीत. मग एका भाद्रपदात पावसानं झोडपलं. छपरातून धारा लागल्या. अनसूयाबाई पदर डोक्यावर घेऊन धावत आल्या आणि म्हणाल्या, "मशिनी आत घ्या. घरात."

सगळ्या थांबल्या. ओसरीवर त्यांचे सासरे बसले होते. तू मशीनचं डोकं पोटाशी धरलंस आणि चालू लागलीस. ओसरी चढलीस, म्हाताऱ्यासमोरून गेलीस, उंबरा ओलांडलास. अर्ज-हिशेब लिहायला तिथं येणारी मी मागून पायडल धरून आले. म्हातारा पाण्याकडं बघत राहिला. अनसूयाबाईंनी माजघरातले धान्याचे कणगे स्वतः सरकवले. पाऊस उघडला, छपर दुरुस्त झालं, पण मशिनी परत गेल्या नाहीत. त्याविषयी तू एकदाही बोलली नाहीस, मलाही बोलू दिलं नाहीस. घरी येताना तू ओलं लुगडं पिळत म्हणालीस, "माजघरात उजेड कमी हाय. खिडकीचं बगावं लागंल."

एवढ्यावर संपलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मोठं काम आलं. एका बड्या शिक्षण संस्थेला त्यांच्या सगळ्या शाळांतल्या लहान मुलांसाठी दप्तरं हवी होती. पाऊस पुन्हा दोन वर्षं रुसलेला, रानात काम नाही, आणि हे काम म्हणजे सोसायटीच्या सगळ्या बायकांच्या घरची वर्षाची सोय. त्यांचा माणूस नमुना घेऊन आला. त्याला छातीबंद नव्हता. तू दाखवलंस तर तो हसला. "बाई, हे काढून टाका. पोरं बैलासारखी जुंपलेली दिसतात."

"मग म्या न्हाय शिवत," तू म्हणालीस.

बैठक बसली. अनसूयाबाई चिडल्या होत्या. "शांते, आता झिरे कुठं ऱ्हायलेत? हातपंप आले. पोरं कशाला वाकतील?"

"पोरं हायती काकी, वाकणारच. हौदावर वाकत्यात, तळ्यावर वाकत्यात, नदीत मासोळी दिसली तरी वाकत्यात."

"एक पट्टा गं! एका पट्ट्यापायी सगळ्यांच्या चुली इझवतीस?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी इतकी वर्षं त्या दप्तराच्या विरुद्ध बोलले होते. त्या दिवशी मी उठून झिऱ्यावरची दुपार सांगितली. नव्या बायकांना ती माहीत नव्हती. हात वर झाले, आणि थोड्या फरकानं का होईना, ते काम आपण नाकारलं.

त्या दिवाळीनंतर सोसायटीतली रुक्मिणी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. सोसायटीत हाताला काम नव्हतं, दुसरं काय करणार होती? तिची दोन्ही पोरं माझ्या शाळेत होती. मोठी पोरगी वाचनात हुशार, फळ्यावरची कविता एका दमात म्हणायची. तीही फडावर गेली, धाकट्याला सांभाळायला. मी घरी येऊन तुला विचारलं, "शांता, तुझा पट्टा खरा. पण ज्या पाठीवर तो बांधायचा ती पाठच शाळेतून गेली. आता?"

तू नेहमीसारखं फटकन उत्तर देशील म्हणून मी तयारीत होते. तू बराच वेळ मेणाचा गोळा हातात फिरवत बसलीस. "आक्का," तू म्हणालीस, "ह्येचं उत्तर मला ठावं न्हाय."

तू कधी हरलीस असं मला वाटलं तर ते तेव्हाच. आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पण हातावर हात धरून बसणं तुला जमणारं नव्हतं. शिवलेली दप्तरं पोत्यात भरून तू एस.टी.च्या टपावर चढवायला लागलीस. माकणीच्या आठवडी बाजारात गेलीस, आजूबाजूच्या शाळा पालथ्या घातल्यास. अणदूरच्या खंडोबाच्या यात्रेत पाल टाकलंस. तुझ्या शेजारी अनसूयाबाई, कपाळभर भंडारा लावून, तुझ्यावरचा राग नाकावर तसाच ठेवून बसल्या होत्या. तू ओरडत होतीस, "छातीबंदाचं दप्तर! पोरगं वाकलं तरी हलत न्हाय!" येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना धरून वाकायला लावत होतीस. एक बाप म्हणाला, "आमच्या गावात न्हाय बा असलं काही लागत." अनसूयाबाई ताडकन उठल्या. "लागत न्हाय? म्या सवता पोरगी काढलीया पाण्यातनं. घे!" तो घाबरून घेऊन गेला. तू मागं वळून इतकी हसलीस की पालाची काठी हलली.

त्यानंतर मोठं असं काम मिळालं नाही, पण किरकोळ कामं येत राहिली. सोसायटी वाचली. सगळ्या बायका मात्र परत आल्या नाहीत.

आणि या उन्हाळ्यात तुला कावीळ झाली. अंगावर काढलीस, तेही तुझ्या स्वभावाला धरूनच. डोळे हळदीसारखे झाले तरी "उन्हानं झालंय" म्हणत शाळा उघडायच्या आतली दप्तरं पुरी करत होतीस. उमरग्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आम्हालाच बोलले. भाऊजी औषधाला खाली गेले होते, तुझा मिलिंद डबा आणायला गेला होता, मी तुझ्या उशाशी होते. सलाईनची नळी लावलेल्या हातानं तू माझं मनगट धरलंस.

"आक्का, दोरा मेणातनं काढल्याबिगर शिवू देऊ नगा बायकांना."

"गप्प पड."

"कमल कवा येणार?"

"परीक्षा झाली की. लातूरहून थेट इथंच येईल."

"मास्तरीण व्हणार म्हणा. तुमच्यावानी पोरांवर ओरडणार." मग म्हणालीस, "अजून म्हणताव का, माझ्या दप्तरानं पाडली म्हून?"

मला तेव्हा सांगायचं होतं, शांता. जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, "पाडलीच," आणि तू हसलीस, डोळे मिटलेस. मी म्हटलं, झोपली, उद्या बोलू.

आता ऐक. त्या दिवशी झिऱ्यावरून घरी आल्यावर, तुझ्याशी बोलणं सोडलेलं असताना, मी ते ओलं दप्तर उचलून तुझ्या नकळत उलटंपालटं करून पाहिलं होतं. अनसूयाबाईंनी ओढलं तेव्हा सगळं वजन एका पट्ट्यावर आलं होतं. भिजलेलं पोतं, पाटी, पाणी प्यायलेली माझी पोर. तुझा एखादा टाका सुटला असता तर हातात नुसती नवार आली असती. मी प्रत्येक टाका बोटानं चाचपला. एकही उसवला नव्हता. ना मशीन, ना शिकवायला कुणी. खडी फोडून फोड आलेल्या हातांनी, दाभणानं तू तो पट्टा शिवला होतास. माझी मुलगी आज आहे ती त्या टाक्यांमुळं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर वाद तू जिंकली असतीस आणि मग उद्या भांडायला काय उरलं असतं? मला आपलं भांडण हवं होतं. दिवसभर पोरांना शिकवून आल्यावर, माझं म्हणणं खोडून काढणारं त्या घरात तुझ्याशिवाय होतं तरी कोण?

पाडली, हे मी अजूनही म्हणेन. वाचवलीस, हे आज म्हणते.

आता परवाचं सांगते, म्हणजे तुला कळायला हवं. सोसायटीची बैठक झाली, अनसूयाबाईंच्या माजघरात. तू पाठीमागं लागून फोडून घेतलेली ती खिडकी उघडी होती. त्या शिक्षण संस्थेकडून पुन्हा निरोप आलाय. काम मोठं आहे, नमुना तोच, छातीबंद नको. अनसूयाबाई उठल्या. आता त्यांना उठताना भिंतीचा आधार लागतो. म्हणाल्या, "शांता असती तर न्हाय म्हणाली असती. तिचं न्हाय मला पाठ हाय. पर शांता न्हाय. आता आपलं आपण ठरवायचं."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, जणू तुझं मत माझ्याजवळ ठेवून गेली आहेस. तेवढ्यात मागून रुक्मिणी बोलली. हो, रुक्मिणी परत आलीय, या हंगामानंतर. तुझ्या मातीला पोचू शकली नाही म्हणून लई रडली. पण परवा रडत नव्हती.

"काम सोडायचं न्हाय," ती म्हणाली. "गेल्या खेपंला सोडलं, तवा माझ्या पोरीची शाळा गेली. म्या शांताला कधी बोलले न्हाय, पर गेली. दप्तर त्येंच्या नमुन्यावानी शिवू. खांद्याच्या पट्ट्याला आतनं दोन बारक्या कड्या लावू, त्येला त्येंची काय हरकत असणार? आन् छातीबंद येगळा शिवून दप्तराच्या खिशात घालू. आया बांधतील. ज्येंना बांधायचा न्हाय त्ये ठिवून देतील."

अनसूयाबाई म्हणाल्या, "शांतेला पटलं नसतं."

"न्हाय पटलं असतं," रुक्मिणी म्हणाली. "तिनं माझ्याशी भांडायला पायजे हुतं. म्या तयार हुते."

शांता, तुला पटलं नसतं हे मला माहीत आहे. तू म्हणाली असतीस, खिशातला पट्टा पोराला वाचवत न्हाय. आणि ते खरं आहे. कितीतरी पट्टे खिशातच राहतील. मी हे सगळं डोक्यात घोळवलं, तुझ्या बाजूनं जेवढं बोलता येईल तेवढं मनात बोलून घेतलं, आणि मग रुक्मिणीच्या बाजूनं हात वर केला. सगळ्यांचे हात वर होते. त्या ठरावाला तुझी संमती नाही, हे इथं लिहून ठेवते.

रुक्मिणीच्या पोरीला मी शाळेत घातलंय. वर्गातल्या पोरांत ती ताडमाड दिसते. पहिल्या दिवशी लाजून मागं बसली होती, मी तिला पुढच्या ओळीत आणलं. वाचन विसरलेली नाही.

कापड सोमवारी उमरग्याहून येतंय. दोऱ्याला मेण लावायचं काम अनसूयाबाईंनी स्वतःकडं घेतलंय, त्यांची नजर आता सुईवर ठरत नाही. कड्या लावायला एक हात कमी पडतो म्हणून मी नाव दिलंय. शाळा सुटली की जाणार. मला साधं बटणसुद्धा नीट लावता येत नाही हे तुला ठाऊक आहे. रुक्मिणी म्हणाली, "या बाई, शिकवते. पर वाकडं झालं की उसवायला लावीन." मी म्हणाले, लाव.